वाढत्या अंगाचं माप

सकाळी सव्वासात वाजता नऊ नंबरचा ठिपका तिथेच होता. काल संध्याकाळी होता तिथे, परवा दुपारी होता तिथे. संगणकाच्या पडद्यावर खाडीचा नकाशा पसरलेला आणि त्यावर बारा रंगीत ठिपके. भरती आली की ठिपके बांधाकडे सरकायचे, ओहोटी लागली की चिखलात उतरायचे. नऊ नंबरने मात्र दगडी बांधाच्या टोकाशी ठाण मांडलं होतं.

या धंद्यात न हलणाऱ्या ठिपक्याचे दोनच अर्थ होतात. पक्ष्याच्या पाठीवरचं यंत्र गळून पडलं, नाहीतर पक्षी मेला. आणि माणूस असा, की अगदी गळ्याशी येईपर्यंत पहिलाच अर्थ धरून बसतो.

"दप्तर टाकलं असेल," जाळेकाका म्हणाले. ते केंद्रावर पक्षी पकडायची जाळी लावायचे, म्हणून जाळेकाका. यंत्राला दप्तर हे नावही त्यांनीच दिलेलं. शेंगदाण्याएवढं यंत्र, मागे केसासारखी तार. ते कमरेवर बसलं की पक्षी शाळेला निघालेल्या पोरासारखा दिसायचा.

"माझ्या हातचं पडायचं नाही," ती म्हणाली.

तिला केंद्रावर सगळे मापाडीण म्हणत, आणि उगाच नव्हे. चहात साखर घालतानाही ती चमचा डब्याच्या काठाला घासून सपाट करून घ्यायची. पक्ष्याची चोच, पाय, पंख अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजायची आणि दुसऱ्या कुणी मोजलेलं पुन्हा मोजायची. केंद्राचे प्रमुख, म्हणजे साहेब, पाहुण्यांना सांगत, "आमच्या मापाडीणबाईंचं माप चुकलं तर आधी समुद्राला विचारायचं, तुझी भरती बरोबर आली होती का!" पाहुणे हसत. ती मान खाली घालून काम करत राही, पण ते वाक्य ऐकायला तिचे कान टवकारलेले असत.

केंद्र म्हणजे खाडीच्या काठावरच्या दोन खोल्या. थंडीत तिथे चिखल्या नावाचे पक्षी येत. मैनेहून लहान, मातकट रंगाचे, पळण्यात पटाईत. उन्हाळा तापायच्या आत ते उत्तरेला निघून जात. कुठल्या वाटेने जातात, कुठे थांबतात, कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते शोधायलाच हे केंद्र होतं. पहिल्या वर्षी यंत्रांच्या बॅटऱ्या मेल्या. दुसऱ्या वर्षी मांड्यांभोवती बांधायच्या रबरी पट्ट्या खाऱ्या पाण्याने कुजल्या आणि सहा दप्तरं चिखलात पडून इमानेइतबारे टिकटिक करत राहिली. साहेब तेव्हा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच म्हणाले, "तिसऱ्या वर्षी पडता कामा नयेत. नाहीतर चौथ्या वर्षी आपणच इथे नसू."

म्हणून यंदा न ताणणारी, न कुजणारी विणलेली फीत आणली. तिची पट्टी अशी, की दोन बाजूंना दोन फासे, एकेक फासा एकेका मांडीत, आणि मध्ये यंत्र. पट्ट्या शिवायचं काम मापाडीणीने आईला दिलं. आई पस्तीस वर्षं घरात मशीन चालवत होती, आणि गल्लीतली निम्मी पोरं तिने शिवलेले कपडे घालून मोठी झाली होती. पहिली पट्टी बोटात धरून आई चष्म्यावरून बघत म्हणाली, "अगं, हा तर लंगोट झाला!" दुसऱ्या दिवसापासून केंद्रावर तोच शब्द रुळला. साहेब अहवालात 'बंधन' लिहीत आणि तोंडाने लंगोटच म्हणत.

तर नऊ नंबरचा लंगोट पडला असणं मापाडीणीला मान्य नव्हतं. पक्षी मेला असणं त्याहून मान्य नव्हतं. तिने माशाच्या काट्यासारखी दिसणारी हातातली अँटेना घेतली, गळ्यात रिसीव्हर अडकवला आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले. जाळेकाका मागोमाग निघाले.

बांधावर पोचेपर्यंत रिसीव्हरमधली टिकटिक कानठळ्या बसवायला लागली. तिने आवाज कमी केला, पुन्हा कमी केला. दोन दगडांच्या बेचक्यात पक्षी बसला होता. जिवंत होता. डोळे उघडे, मान आत ओढलेली.

"बघा, आहे की!" ती ओरडलीच. "विश्रांती घेतोय."

मग तिच्या लक्षात आलं की ती दोन पावलांवर आहे आणि पक्षी उडत नाही. ती वाकली. उडाला नाही. तिने हात घातला आणि ओंजळीत उचलला, तरी त्याने नुसता एक पंख उघडला आणि मिटला. हाताला तो जड लागला. डिसेंबरात हाच पक्षी तिने उचलला होता तेव्हा हातात काही आहे की नाही कळत नव्हतं.

पक्षी उलटा करायचा, पोटावरची पिसं फुंकरीने बाजूला करायची आणि कातडीखाली किती चरबी साठली ते बघायचं, ही रोजची रीत. तिने सवयीने फुंकर घातली. पिवळी चरबी पोटावर, कमरेवर, मांड्यांवर थरच्या थर चढली होती. चांगली निरोगी चरबी, लांबच्या प्रवासाची शिदोरी. तिने मांडीपाशी फुंकर घातली आणि पट्टी शोधली.

पट्टी दिसेना.

म्हणजे होती, पण दिसत नव्हती. मांडी दोन्हीकडून फुगून वर आली होती आणि मध्ये एक खोल, ओली, लाल रेघ होती. पट्टी त्या रेघेच्या तळाशी होती. खाली दोन्ही पाय गार पडले होते, काळपट.

"काका," ती म्हणाली. "काका, कात्री."

"तुझ्याच खिशात आहे, पोरी."

तिने कात्री काढली. टोक आत घालायला जागा नव्हती. पट्टी बांधताना तिने प्रत्येक पक्ष्याच्या मांडीपाशी पट्टीखालून पेन्सिलीचं टोक सरकवून बघितलं होतं, सैल नाही आणि घट्ट नाही, नेमकं. आता सुईही गेली नसती. तिने कशीबशी वरच्या बाजूने, यंत्राजवळ, फीत कापली. दप्तर सुटून हातात आलं. पक्ष्याने एकदा चोच उघडली. तिने त्याला वाळूवर ठेवला, आणि तो उभा राहायला गेला आणि बाजूला कलंडला. पुन्हा उठला, पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा उठलाच नाही.

ती तिथेच वाळूत बसली. जाळेकाकांनी पक्षी आपल्या टोपीत घेतला. केंद्रावर पोचेपर्यंत टोपीतली हालचाल थांबली होती.

काट्यावर ठेवला. चौऱ्याऐंशी ग्रॅम. वहीत डिसेंबरच्या नोंदीत तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, सत्तावन्न.

हे पक्षी निघण्याआधी महिनाभर खा-खा खातात आणि जवळजवळ दीडपट होतात, हे केंद्रावरच्या झाडूवालीलाही माहीत होतं. मापाडीण तर शाळेच्या सहलींना सांगायची, "मुलांनो, विचार करा, तुमचं वजन एका महिन्यात दीडपट झालं तर चड्डी बसेल का?" मुलं खिदळायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. वजनाचा आकडा एका वहीत होता, पट्टीचं माप दुसऱ्या. दोन्ही वह्या तिच्याच, दोन्ही एकाच कपाटात. मागच्या वर्षी पट्ट्या रबरी होत्या, ताणायच्या, म्हणून हा प्रश्नच आला नव्हता. यंदा फीत बदलली आणि माप तेच राहिलं, हडकुळ्या डिसेंबरचं.

आणि आईने विचारलं होतं. ते आता आठवलं. पहिल्या दिवशी, टेप हातात घेऊन, आईने विचारलं होतं, "वाढत्या अंगाची आहेत का गं तुझी गिऱ्हाइकं? म्हणजे आत थोडं सोडते." आणि ती हसून म्हणाली होती, "आई, पूर्ण वाढलेले पक्षी आहेत ते. त्यांना काय माणसांसारखं पोट सुटतं?"

त्या दिवशी दुपारपर्यंत आणखी तीन ठिपके थांबल्याचं कळलं. ती आणि जाळेकाका एकेकाकडे गेले. दोन मेलेले सापडले, तसेच, मांड्यांत तशाच रेघा. तिसऱ्या जागी नुसतं दप्तर होतं, मूठभर पिसं होती आणि पट्टीत अडकलेलं एक हाड. पळता न येणाऱ्या पक्ष्याला ससाणा कशाला सोडेल? दर वेळी वाकताना तिला वाटायचं, या वेळी वेगळं काहीतरी निघेल, रोग निघेल, विष निघेल, कुणाचं तरी दुष्ट काम निघेल. दर वेळी तिचीच गाठ निघाली.

चौथ्या पट्टीवरचं रक्त धुताना तिला ते दिसलं. उजव्या फाशाच्या जोडावर तिने स्वतः घातलेला काळा नायलॉनचा धागा होता आणि त्यावर गोंदाचा टणक थेंब. काळ्या धाग्याखाली, अगदी बारीक, एक पांढरा सुती टाका होता. आईचा. ती नळ चालू ठेवून त्या टाक्याकडे बघत उभी राहिली. मग तिने उरलेल्या तीन पट्ट्या उलटून बघितल्या. चारही पट्ट्यांवर, उजव्याच बाजूला, काळ्याखाली पांढरं.

साहेबांचा नियम होता की वाईट बातमी चहा झाल्यावर सांगायची. तिने तो मोडला. तीन पक्षी, चौथ्याची पिसं आणि चार पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि सगळं सांगितलं. पांढऱ्या टाक्याचं तेवढं सांगितलं नाही.

साहेबांनी एका बोटाने पट्ट्या मोजल्या. मग म्हणाले, "आठ उरलेत."

"आठही पकडायचे आणि कापून सोडायचे. ताबडतोब."

"थांबा. पक्षी एकदा उडाला की चरबी जळते. खरं ना? मग पट्टी आपोआप सैल पडेल. वारा फिरला की ते निघतील, त्याला तीन-चार दिवस आहेत. आठ पक्षी गेले तर आठ वाटा कळतील. तीन वर्षांत आपल्याकडे एक वाट नाही, मापाडीणबाई. एकसुद्धा."

"आणि तीन-चार दिवसांत त्यांचे पाय गेले तर?"

"आणि तुमच्या जाळ्यात धडपडून दगावले तर?" ते ओरडून बोलत नव्हते, म्हणून ते जास्तच खरं वाटत होतं. शेवटी त्यांनी हात झटकले. "पकडा. ज्याने बांधलं त्याने सोडवावं. पण वर कळवायचं काय? कारण लिहावं लागेल." त्यांनी एक पट्टी चिमटीत उचलली. "या आपण बाहेरून शिवून घेतल्या होत्या ना?"

"हो."

"मग शिवणीत दोष. एक ओळ लिहा, सही करा. केंद्र वाचेल, तुम्हीही वाचाल. शिवणारीला कोण विचारायला जातंय?"

शिवणारी कोण, हे साहेबांना माहीत नव्हतं. सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं. तिने ओळ लिहिली, सही केली आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, त्याचीच तिला शिसारी आली.

घरी आई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. दारातूनच तिने रोजचा प्रश्न विचारला, "काय म्हणतायत माझे लंगोटवाले?"

पोर दारातच उभी राहिली, तेव्हा मशीन थांबलं. मापाडीणीने खिशातून धुतलेली पट्टी काढून मशीनच्या पाट्यावर ठेवली. आईने चष्मा लावला, पट्टी दिव्याकडे धरली आणि बोटाच्या पेराने जोडावरून चाचपत गेली.

"हा टाका माझा. हा काळा धागा कुणाचा?"

"माझा."

"आणि वरून हे काय थापलंयस?"

"गोंद."

"अगं पण का? मी पहिल्या मापाला पक्की टीप कधी घालत नाही. सुती कच्चा टाका ठेवते एका बाजूला. अंगात घालून बघितलं, आवळलं, तर तिथून सुटतं, कापड फाटत नाही आणि माणूसही गुदमरत नाही. लहानपणापासून बघतेयस तू."

"हो."

"मग?"

मापाडीणीला खोटं बोलायचं होतं, पण त्या खोलीत, त्या मशीनसमोर, तिला ते जमेना. "मला वाटलं, तू विसरलीस," ती म्हणाली. "वाटलं, तुझी नजर कमी झालीय, पक्की टीप घालायची राहून गेली. तुला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. बाराही पट्ट्या मी केंद्रावर बसून पक्क्या केल्या."

आईने चष्मा काढला. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून पोर वाट बघत होती, राग आला असता तर सोसला असता. आई नुसती बघत राहिली, रस्त्यात अचानक कुणी थोबाडीत मारावी आणि मारणारा ओळखीचा निघावा, तशी.

"पट्टीवर हे डाग कसले?" तिने विचारलं.

मग सगळं सांगावं लागलं. चार मेले, आठ उरले, वारा फिरेपर्यंत वेळ आहे. कागदावरची ओळ मात्र तेव्हाही तोंडातून बाहेर पडली नाही. बोलून झाल्यावर आई उठली आणि टीप उसवायची बारीक टोकाची कात्री रुमालात गुंडाळायला लागली.

"किती वाजता निघायचं?"

"आई, चिखल असतो तिथे. तुझे गुडघे..."

"मांडीत रुतलेला धागा कापडाला धक्का न लावता काढायचाय. तुला येतं?"

पहाटे भरतीच्या वेळेला तिघं बांधावर होते. जाळेकाकांनी वाळूवर जाळं अंथरलं होतं, दोरी ओढली की पुस्तकाच्या पानासारखं उलटणारं. पाणी चढलं तसे पक्षी थव्याथव्याने बांधाकडे सरकले. मापाडीण रिसीव्हरवर एकेक नंबर लावून बघत होती आणि कुजबुजत होती, "तीन आहे. सात आहे. दहा... दहा आहे." काकांनी दोरी ओढली.

जाळ्यातून पहिला दप्तरवाला तिने आईच्या हातात दिला. आईने आयुष्यात पक्षी हातात धरला नव्हता.

"एवढं गरम असतं होय!" ती दचकून म्हणाली. मग बोटांनी तिने मांडी चाचपली. "चांगलं बाळसं धरलंय की गं याने. आणि तू म्हणे..." वाक्य तिने पुरं केलं नाही. कात्रीचं टोक काळ्या धाग्याखाली, गोंदाच्या कडेने सरकवलं, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. टक्. फीत सुटली. लाल रेघ होती, पण उथळ. पक्षी वाळूवर ठेवताच धावत सुटला, दहा पावलं धावला आणि उडाला.

त्या पहाटे चार सापडले, दुसऱ्या दिवशी पहाटे तीन. सातही उडाले, एक जरा लंगडत. जाळेकाका प्रत्येक वेळी टोपी काढत. आठवा, बारा नंबर, थव्याच्या कडेला होता. जाळं उलटलं तेव्हा त्याची कड बारा नंबरच्या शेपटीजवळून वीतभर अंतरावर पडली. मापाडीणीला ते दिसलं. वीतभर, फार तर नऊ इंच. सगळा थवा उडाला आणि त्यात तोही, पण त्याचे पाय लोंबत होते. निरोगी पक्षी उडताना पाय पोटाशी घेतो.

संध्याकाळी वारा फिरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आणि आई पुन्हा जायच्या तयारीने केंद्रावर आल्या तर साहेबांच्या खोलीतून आरोळी ऐकू आली. मग टाळ्या. साहेब दारात आले, डोळ्यांत पाणी होतं. "बारा नंबर! साठ किलोमीटरवरच्या रिसीव्हरच्या मनोऱ्याने त्याची टिकटिक पकडली, पहाटे पाच वाजता. गेला, मापाडीणबाई! तीन वर्षांत पहिला!" मागून झाडूवालीही टाळ्या वाजवत होती. कुणीतरी मापाडीणीचा हात धरून जोरजोरात हलवला.

तिला सगळे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. ज्याला ती सोडवू शकली नाही, तोच पक्षी केंद्राचं नाव काढणार होता. तीन वर्षं तिने ज्या ठिपक्याची वाट बघितली तो पडद्यावर उत्तरेला सरकत होता आणि तिला फक्त ते लोंबणारे पाय दिसत होते. चरबी जळेल, पट्टी सैल पडेल. किंवा पहिल्या थांब्यावर उतरेल, पुन्हा पोटभर खाईल, आणि पुन्हा आवळेल.

तिने आईकडे बघितलं. आई टाळ्या वाजवत नव्हती. ती साहेबांच्या टेबलापाशी उभी होती आणि तिचं बोट एका कागदावर होतं. कागद मापाडीणीला लांबूनही ओळखू आला.

"बाहेरून शिवून घेतलेल्या पट्ट्यांच्या शिवणीत दोष," आईने हळू वाचलं. मग खालची सही वाचली. वाचायला तसं तिथे काही नव्हतं, सही तिच्या ओळखीची होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आईची म्हणून पोरीने एकदा खोटी सही केली होती, तेव्हापासून पोरीची स्वतःची सहीही आईच्या सहीच्याच वळणाची होती.

"आई..."

आईने कागद जिथे होता तिथेच, तसाच सरळ करून ठेवला आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसली. बाहेर कुणीतरी चहा मागवत होतं. मापाडीण तिच्यामागे गेली आणि दार लोटून घेतलं. पस्तीस वर्षं मशीनवर वाकून आईच्या पाठीला जो किंचित बाक आला होता, तो आज तिला पहिल्यांदाच बाक म्हणून दिसला.

आई म्हणाली, "तो आता उतरेल कुठे?"

"माहीत नाही. वाटेत अकरा केंद्रं आहेत. त्यांच्याकडेही रिसीव्हर असतात."

"त्यांच्याकडे कात्री असेल ना?"

मापाडीण संगणकापाशी बसली. वर पाठवायच्या त्या एका ओळीपलीकडे पट्ट्यांबद्दल काहीही बाहेर जाता कामा नये, असं साहेबांनी बजावलं होतं. ती लिहायला लागली आणि आई खुर्चीमागे उभी राहून वाचत राहिली.

'आमचा बारा नंबरचा पक्षी तुमच्याकडे उतरला तर कृपया पकडावा. मांडीतली पट्टी आवळली गेली आहे. उजव्या बाजूच्या जोडावर गोंद आणि काळा धागा आहे, त्याखाली पांढरा टाका आहे, तिथेच कापावं. यंत्र गेलं तरी चालेल.'

"आवळली गेली आहे?" आई म्हणाली. "कशी? आपोआप?"

मापाडीणीची बोटं थांबली.

"माझ्याकडे कपडा बिघडला म्हणून कुणी आलं तर मी आधी सांगते, चूक माझी. मगच ते उसवायला माझ्या हातात देतात. दोष कापडाचा म्हटलं तर निघून जातात. एवढ्या लांबची माणसं तुझ्या पक्ष्यासाठी चिखलात का उतरतील? कुणी आवळली ते लिही."

पलीकडे साहेब कुणाला तरी फोनवर खदखदून हसत सांगत होते, पहिला, हो हो, अगदी पहिला. मापाडीणीने ते वाक्य पुसलं. त्या जागी लिहिलं, 'माप मी घेतलं, ते चुकलं. शिवणारीने सुटायला टाका ठेवला होता, तो मी बंद केला. तशाच पट्ट्यांनी चार पक्षी मेले. शिवणीत दोष नव्हता.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. अकरा केंद्रांचे पत्ते टाकले, बारावा साहेबांचा, आणि पाठवून दिलं.

पलीकडच्या खोलीत काहीतरी टिंग वाजलं. थोड्या वेळाने तिथलं हसणं थांबलं. आईने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसली.